समुद्राच्या वरच्या अंगाला

समुद्रापासून इतक्या लांब जन्माला येऊन समुद्राची इतकी काळजी वाहिलेला माणूस आमच्या मामाजींशिवाय साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याच्या बायकोने त्याला वेळीच आवरलं असेल. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तळेगावला, म्हणजे श्यामजी पंताच्या तळेगावला, नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला त्यांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाकार्याला मांडव, कनाती, सतरंज्या आणि पंगतीची भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. दुकानात शिरलं की आधी ताडपत्रीचा वास यायचा, मग सुतळीचा, आणि डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर एक चित्र दिसायचं. कोण्या मद्राशी ट्रक ड्रायव्हरने फार वर्षांपूर्वी दिलेलं कॅलेंडर होतं ते. खालच्या तारखा केव्हाच फाटून गेल्या होत्या, वरचं चित्र तेवढं उरलं होतं: निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड आणि माडाखाली एक लहानसा तंबू. गिऱ्हाईक नसलं की मामाजी गादीवर रेलून त्या चित्राकडे तासन् तास बघत बसत. मी एकदा विचारलं, 'काय बघता एवढं?' तर म्हणाले, 'ज्यानं हा तंबू टाकला ना जवाईबापू, त्याले दोर तानता येत नाई. डावीकडून झोल पाहा किती हाय!'

मामाजींच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या जागा होत्या, खुंटी धरणाऱ्या आणि खुंटी न धरणाऱ्या. कुठेही गेले तरी ते आधी टाचेने जमीन ठोकून पाहायचे. कोणाच्या घरी भेटायला जावोत, तहसिलीत जावोत, की देवळात, टाच आधी आणि नमस्कार नंतर. मला बघायला पाहुणे मंडळी आमच्या वर्ध्याच्या घरी आली तेव्हा कोणी माझं शिक्षण विचारलं, कोणी नोकरी विचारली, एकाने तर माझ्या चष्म्याचा नंबरही विचारला. मामाजी मात्र चहाचा कप हातात घेऊन मागच्या अंगणात निघून गेले. थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, 'जमीन चांगली हाय. खुंटी पक्की धरते. देऊन टाका पोरगी.' बायकोचं माझ्याशी बिनसलं की ती अजून ऐकवते, की मामाजींनी जमीन तेवढी पाहिली, माणूस पाहायचा राहून गेला. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना साऱ्यांच्या नजरा आमच्यावर होत्या आणि मामाजींची वर. कोपऱ्यातला एक दोर त्यांना ढिला वाटत होता. शेवटच्या 'सावधान'च्या वेळी ते बांबूवर चढलेले होते, आणि अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. त्यातल्या अर्ध्या भटजींच्या डोक्यावर पडल्या.

पक्क्या घरात त्यांना झोप लागत नसे. 'स्लॅबमंधी जीव नाई,' म्हणायचे. 'वारा आला तं कापड बोलते तरी. स्लॅब काय बोलते? मुकाट पडून राह्यते छातीवर.' आमच्याकडे मुक्कामाला आले की आम्ही कौतुकाने पंख्याखाली गादी घालायचो, आणि सकाळी बघावं तर मामाजी अंगणात दोन खाटा उभ्या करून, त्यांवर माझ्या बायकोचं लुगडं ताणून, त्याखाली गाढ झोपलेले. शेजारीपाजारी उठून बघायचे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला स्वतःला पलंगाशिवाय कुठेही झोपायची हौस नाही, हे इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्यावर काय काय गुदरलं त्याचा अंदाज येईल.

तर तीन तालुक्यांतल्या नवरा-नवरींच्या डोक्यावर ज्याने सावली धरली, त्या माणसाचं स्वतःचं लग्न मात्र लिंबाच्या झाडाखाली लागलं होतं. त्याचं असं झालं की सिंहस्थ लागायला आला होता. बारा वर्षांनी एकदा सिंहस्थ येतो आणि तो लागला की वर्ष-सव्वा वर्ष लग्नाचे मुहूर्त बंद. त्यामुळे तो तोंडावर आला की मुलींच्या बापांना एकदम घाई सुटते. मामाजींचं लग्न अशाच घाईत, अगदी शेवटच्या मुहूर्तावर ठरलं. नेमका त्याच दिवसासाठी घरचा मांडव आष्टीच्या कोणा पाटलाला आधीच बोललेला. तेव्हा मांडव एकच होता. वडील म्हणाले, नाही सांगून टाक. मामाजी म्हणाले, 'बोललेला मांडव आपल्याच दारात लावला तं उद्या कोन पुसन आपल्याले?' मांडव आष्टीला गेला आणि मामी लिंबाखाली बोहल्यावर चढल्या. वरून निंबोळ्या पडत होत्या म्हणे. ते मामी जन्मभर विसरल्या नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं आणि मामाजी काही बोलले, की मामी लगेच म्हणणार, 'हो, साऱ्या दुनियेले मांडव, अन् मले लिंबाची सावली!' भाजीचा आणि लिंबाचा संबंध काय, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत असंच काहीसं झालं आणि मामाजींनी मामींना हाताला धरून दुकानात नेलं. भिंतीवर ते कॅलेंडर नुकतंच लागलं होतं. त्या चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, 'तुह्यासाठी असा तंबू टाकतो का नाई पाय. समुद्राच्या काठी, बेटावर. तिथं ना पाव्हणा, ना पंगत. तू अन् मी.' मामी चित्राकडे बघून म्हणाल्या, 'पाहू.'

हे 'पाहू' पुढे कितीतरी वर्षं चाललं. मामाजींची अडचण अशी की उन्हाळ्यात सगळं कापड लग्नांना लागलेलं. पावसाळ्यात कापड मोकळं, पण तेव्हा समुद्र खवळलेला. दिवाळीनंतर पुन्हा लग्नं सुरू. म्हणजे खरी मोकळीक फक्त सिंहस्थात. मधला एक सिंहस्थ मामींच्या आईच्या दुखण्यात गेला. मामाजींनी तेव्हा चकार शब्द काढला नाही, सासूची सेवा केली, आणि पुढच्या बारा वर्षांसाठी पुन्हा चित्राकडे बघत बसले. मधल्या काळात त्यांनी तयारी मात्र सोडली नाही. उन्हाळ्यात वर्धा नदी आटली की पात्राच्या मधोमध वाळूचं एक लांबट बेट उघडं पडायचं. लग्नांच्या धामधुमीतून एखादा दिवस चोरून मामाजी लहान राहुटी बैलगाडीत घालायचे आणि त्या बेटावर जाऊन समुद्राची तालीम करायचे. जावई म्हणून दोनदा मलाही नेलं. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत खुंट्या ठोकायच्या, कारण ओली वाळू खुंटी घट्ट धरते. मग हातभर खोल खड्डा करायचा. आमच्याकडे त्याला झिरा म्हणतात. बघता बघता त्यात काचेसारखं पाणी साचतं, त्याचा चहा. मग राहुटीच्या तोंडाशी आडवं पडून पलीकडच्या काठावरच्या म्हशींकडे बघायचं. 'ह्या म्हशी नाई, असं समजा,' मामाजी म्हणायचे. 'तिथून पुढं निस्तं पानी हाय, असं समजा.' मी समजायचो. वारा सुटायचा, कापड फडफडायचं, डोळे जड व्हायचे, आणि खरं सांगतो, क्षणभर त्या म्हशी नाहीशा व्हायच्या. मामी मात्र तालमीला एकदाही आल्या नाहीत. म्हणायच्या, 'खरं असन तं सांगा. नकली मांडवात मी बसत नाई.'

आणि ऐंशी सालच्या सुमारास सिंहस्थ आला. जिल्ह्यातल्या साऱ्या बिछायतवाल्यांची तोंडं उतरली, आणि मामाजी शीळ घालत दुकान झाडू लागले. आमच्याकडच्या बौद्ध मंडळींना मुहूर्ताची अडचण नव्हती, त्यांची लग्नं ठरल्या दिवशी लागत. त्या लग्नांसाठी मोठे शामियाने मामाजींनी जुन्या भरवशाच्या गड्याच्या हवाली केले आणि लहान राहुटी तेवढी बाजूला काढली. मामाजींचा एक पुतण्या तेव्हा नोकरीवर अंदमानात होता. त्याने कळवलं की इथे समुद्रावर सरकारी बाग आहे, परवानगी काढली की कोणीही तंबू टाकून राहू शकतो. मामाजींना हे खरंच वाटेना. 'जागा सरकारची अन् मांडव आपला? बाप्पा, बाप्पा!' पण त्या आनंदाखाली एक धास्तीही होती, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. मामाजींचे गुडघे बोलू लागले होते. घण उचलला की हात थरथरायचा. पुढचा सिंहस्थ आणखी बारा वर्षांनी, आणि तेव्हा खुंटी ठोकायला हे हात असतीलच असं नाही. आत्ता नाही तर मामींच्या डोक्यावरची ती लिंबाची सावली तशीच राहणार होती.

बरोबर मी आणि माझी बायको. मी नको म्हणत होतो, पण माझं ऐकतो कोण. मद्रासपर्यंत आगगाडी आणि तिथून बोट. मामींनी दशम्या, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा इतका घेतला होता की अंदमानला मिरच्या मिळत नाहीत असा कोणाचा समज व्हावा. बोटीत माझ्या पोटाने दगा दिला आणि मी आडवा झालो, तो उतरेपर्यंत उठलो नाही. मामाजी डेकवर टाच ठोकून आले आणि मला म्हणाले, 'इथं खुंटी नाई धरत.' माझ्या पोटाबद्दल त्यांनी विचारपूसही केली नाही.

ती सरकारी बाग मला अजून जशीच्या तशी दिसते. मागे गर्द झाडीचा डोंगर, मग माडांची रांग, मग गवत, आणि मग वाळू. दुपारची वेळ होती. पाणी इतकं मागे सरलेलं की जणू कोणी सतरंजी गुंडाळत नेली होती, आणि तिच्याखालची ओली चकचकीत जमीन उघडी पडली होती. आवाज नाही, गर्दी नाही. बागेत आमच्याशिवाय एक चौकीदार आणि दोन बकऱ्या. मामाजी चपला काढून चालत राहिले, आणि मामी त्यांच्या मागे. मग मामी म्हणाल्या, 'चित्रातल्यापेक्षा जास्तच हाय.' मामाजींनी असा चेहरा केला, जणू समुद्र त्यांनीच भरून ठेवला होता.

आता टाच. वरच्या कोरड्या वाळूत टाच घोट्यापर्यंत रुतली. मामाजींनी मान हलवली आणि ते खाली, खाली, थेट ओल्या वाळूत गेले. तिथे टाच ठण्णकन् बसली. 'इथं!' चौकीदार धावत आला. 'बाबूजी, ऊपर लगाओ. शाम को समंदर यहाँ तक चढ़ेगा.' मामाजींनी आधी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. मग त्यांनी चौकीदाराला विचारलं, 'ऊपर की तरफ कौनसा गाँव है? उधर बारिश हुई क्या?' चौकीदाराने विचारलं, 'किसके ऊपर?' मामाजी म्हणाले, 'इसके. समुंदर के ऊपर की तरफ.' आता समुद्राच्या वरच्या अंगाला कोणतं गाव आहे हे तो बिचारा काय सांगणार! तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, 'मामाजी, भरती असते. शाळेत शिकलो आपण.' मामाजी म्हणाले, 'आपल्या वर्धा नदीले आली का कधी? वरतं पाऊस नाई तं पूर येईन कसा? जन्म गेला जवाईबापू नदीत खुंट्या ठोकन्यात.' आणि घण उचलला. हात थरथरत होता, पण सगळ्या खुंट्या त्यांनीच ठोकल्या. मला एकही ठोकू दिली नाही.

राहुटी अशी उभी राहिली की बघत राहावं. कुठे झोल नाही, सुरकुती नाही. मग मामाजींनी रिवाजाप्रमाणे वरच्या बाजूला झिरा खणला. पाणीही लागलं. त्यांनी ओंजळभर प्यायलं, एक क्षण थांबले आणि म्हणाले, 'गोड हाय.' मामींनी त्याच पाण्याचा चहा ठेवला. मी एक घोट घेतला आणि माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मामाजी मामींकडे बघत होते. मामींनी सबंध कप संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, 'साखर थोडी जास्तच झाली.'

मग ते दोघं राहुटीच्या तोंडाशी बसले आणि आम्ही वर माडांखाली. काय वेळ होती ती! वारा हलका, कापड मधूनच बोलत होतं, पाणी लांबवर चमकत होतं, आणि मामाजी हळू आवाजात मामींना काहीतरी दाखवत होते. आमच्या तळेगावला अजून ऊन असेल अशा वेळी, इतक्या पूर्वेला आल्यामुळे, तिथे सूर्य डोंगराआड गेला. मामाजींनी मनगटावरचं घड्याळ हलवून पाहिलं, कानाला लावलं. घड्याळात पाच वाजत होते आणि बाहेर तिन्हीसांज. 'इथली खारी हवा लागली याले,' असं काहीसं ते म्हणाले. समुद्र जांभळा झाला होता. मला डुलकी लागली.

बायकोच्या हाकेने जागा झालो. बघतो तर पाणी राहुटीच्या खुंट्यांशी. लाट मोठी नव्हती, गुपचूप यायची, थोडी पुढे सरकायची आणि परत जायचीच नाही. मी धावलो. सतरंजी, स्टोव्ह, दशम्यांचा डबा, तांदळाची पिशवी, जे हाताला लागलं ते वर फेकलं. चौकीदारही आला. तोवर पुढच्या दोन खुंट्या उपटल्या आणि राहुटीचं एक अंग खाली बसलं. मामाजी घोटाभर पाण्यात, मग नडगीभर पाण्यात उभे होते, दोन्ही हातांनी पुढचा बांबू धरून. हलत नव्हते. 'मामाजी, सोडा, वर चला!' मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. 'माह्या हातचा मांडव पडला नाई आजवर,' ते म्हणाले. 'अन् आज पडून राह्यला. हिच्याच डोक्यावर.' त्यांचा आवाज फुटला होता.

मामी आतच होत्या. मी वाकून म्हणालो, 'मामी, या बाहेर.' मामी उठल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि मागचा बांबू दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. 'आवो,' त्या मामाजींना म्हणाल्या, 'धरून ठेवा नीट. सोडू नोका.' मामाजी म्हणाले, 'अवं, पानी चढून राह्यलं.' मामी म्हणाल्या, 'चढू द्या. आपून दोघं हावो ना.' आणि ते दोघं तसेच उभे राहिले, एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला त्या, मध्ये ओलं कापड ताणलेलं, खाली गुडघाभर समुद्र. अंधार पूर्ण पडला नव्हता. मामी वर कापडाकडे बघत होत्या. मग त्या सहज, घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, 'आता लागलं आपलं लगन मांडवाखाली.'

माझ्या बायकोने खाली वाकून पाण्यात भिजलेले तांदूळ उचलले. पिशवी मघाशी माझ्याच हातून सांडली होती. मूठभर तिने उडवले, मूठभर मी उडवले, आणि काय चाललंय ते कळत नसतानाही चौकीदाराने टाळ्या वाजवल्या. मामाजी रडत होते की खारं पाणी उडत होतं, ते मला सांगता येणार नाही. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून राहुटी वर आणली आणि चौकीदाराच्या खोलीत, स्लॅबखाली झोपलो. मामाजींना त्या रात्री स्लॅबखालीही झोप लागली.

याला आता सहा-सात वर्षं झाली. त्यानंतर मामींच्या तोंडून लिंबाची सावली पुन्हा कधी ऐकली नाही. सुरुवातीला मामाजी मुद्दाम भाजीला नावं ठेवून पाहायचे, पण मामी नुसत्या हसायच्या. घरातला तो एक आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. दुकान आता जुना गडी बघतो. मामाजींच्याने घण उचलवत नाही, ते त्याच लिंबाखाली खाट टाकून पडलेले असतात. परवा गेलो तेव्हा राहुटी उन्हात वाळत घातली होती. शिवणींतून अजून वाळू गळत होती आणि मामी ती झाडू देत नव्हत्या. मामाजी बोटांवर काहीतरी मोजत होते. 'जवाईबापू, पुढचा सिंहस्थ फार दूर नाई आता,' म्हणाले. 'या टायमाले चौकीदाराचं ऐकू. वर टाकू, माडाखाली.'

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो खाटेच्या कडेवर ठेवलेला असूनही थरथरत होता. मी हो म्हणालो. मामी राहुटीची घडी घालत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, 'वर काऊन? खालीच टाकजा. वर टाकला तं समुद्र आपल्याकडं येईन कसा?'

मामाजी सावकाश खाटेवरून उतरले, आणि लिंबाखालच्या जमिनीवर हलकेच टाच ठोकून पाहू लागले.